खऱ्यांच्या घरावरच्या काचेच्या पट्ट्या

"इंजिनिअर होतात ना, मग काय काय बांधलंत?" असं मंडळाच्या कार्यक्रमात मला हमखास कुणीतरी विचारतं. मी खरं ते सांगते. मी काहीही बांधलेलं नाही. एक पूल नाही, एक टॉवर नाही, साधी टपरीसुद्धा नाही. दुसऱ्यांनी बांधलेल्या घरांपुढे उभं राहायचं आणि ती टिकतील की पडतील एवढं सांगायचं, यात माझी सगळी नोकरी गेली. बांधणारी माणसं बहुतेक कधीच मेलेली असतात. त्यांना विचारायची सोय नाही. भिंतीलाच विचारावं लागतं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील कराडला पिठाच्या गिरणीत कामाला होते. मी सिव्हिलला प्रवेश घेतला तेव्हा त्यांनी एकच चौकशी केली, "त्यात उन्हात उभं राहावं लागतं का?" लागतं म्हटलं. "मग शिकायचं कशाला?" म्हणाले. पण माझ्या डिग्रीची फ्रेम त्यांनी गिरणीत लावली, आणि दळण घेऊन आलेल्या प्रत्येकाला ती पिठाची धूळ पुसून दाखवली. तेव्हा मी शिकल्याचा तोरा मिरवते असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. तो तोरा दोघांचा आहे.

तर आमचं काम काय? भेगा वाचणं. जुन्या भेगेत धूळ असते, रंगाचे थर असतात, कोळ्याची जाळी असते. नव्या भेगेच्या कडा धारदार आणि स्वच्छ असतात. वर रुंद आणि खाली निमुळती भेग एक सांगते, पायऱ्यापायऱ्यांनी विटांमधून चढणारी भेग दुसरंच सांगते. आणि बघणारा घाईत असेल तर दोन्ही त्याला फसवतात. गिऱ्हाइकं तर नमुनेदार. एक म्हातारी होती, तिच्या बेडरूमचं दार रोज संध्याकाळी आपोआप मिटायचं. वारलेला नवरा येऊन दार लावतो अशी तिची खात्री. मी लेव्हल लावून पाहिलं, तर खालची तुळई एका अंगाला बसली होती. तसं सांगितलं. ती म्हणाली, "बाकीचं सगळं दुरुस्त करा. तेवढी एक राहू द्या." मी राहू दिली. त्या तुळईपासून कुणाला धोका नव्हता.

खऱ्यांच्या घरात मात्र असं काही राहू देता येणार नव्हतं.

ही गोष्ट पिट्सबर्गची, ऐंशीच्या दशकातली. पोलादाचे कारखाने एकामागून एक बंद पडत होते. नदीकाठच्या ज्या चिमण्यांच्या धुराने अख्खं शहर काळं केलं होतं, त्यांतून आता काहीच निघत नव्हतं. आकाश स्वच्छ झालं होतं आणि माणसं घरी बसली होती. मी वॉल्टर नावाच्या एका म्हाताऱ्या इंजिनिअरच्या छोट्या ऑफिसात होते. लायसन्स नुकतंच हातात आलं होतं. म्हणजे आता एखाद्या भिंतीच्या भवितव्याखाली माझी स्वतःची सही चालणार होती. मला रात्रंदिवस कुठेतरी सही करायची घाई झाली होती.

वॉल्टर एक दिवस म्हणाला, "टेकडीवरच्या जुन्या व्हिलाला शहराची नोटीस लागलीय. मालक तुझ्या देशाचे आहेत. तू जा."

घर लांबूनच दिसलं आणि माझं पाऊल थबकलं. डंडीहून आलेल्या एका स्कॉटिश माणसाने ते बांधलं होतं. तिकडे तो ज्या मालकाच्या हाताखाली शिकला, त्या मालकाची व्हिला त्याच्या डोक्यात बसली होती. इथे लोखंडात पैसा झाल्यावर त्याने तशीच उभी केली. चारही बाजूंनी मोकळं, बागेत उभं, तिन्ही मजले दगडाचे. समोरची भिंत तासून गुळगुळीत केलेल्या वालुकाश्माची, सांधे इतके बारीक की पेन्सिलीने ओढल्यासारखे. आणि कोपरा वळून बाजूला जावं तर तोच दगड ओबडधोबड, जसा खाणीतून आला तसा रचलेला. पाहुणे समोरून येतात, मग बाजू कशाला तासायची? स्कॉटलंडच्या शहरांत अशा घरांच्या रांगाच्या रांगा आहेत म्हणे. ती काटकसर मला एकदम घरची वाटली. आमच्या कराडातही दर्शनी भिंतीलाच रंग असतो.

दारातून आत गेलं की मोठा जिना, आणि त्याच्या डोक्यावर छपरात काचेचा घुमट. बाहेर ढग असले तरी जिन्यात उजेड. रस्त्याच्या बाजूला तीन अंगांनी पुढे आलेली खिडकी, छताला प्लास्टरची पानंफुलं, आणि स्वयंपाकघरामागे नोकरांसाठी दुसरा, अरुंद, अंधारा जिना.

या घराला त्या माणसाच्या मुलाने पुढे एक लांबलचक पाख, म्हणजे बाजूला काढलेली वाढीव इमारत, जोडली. मुलगा डॉक्टर झाला होता. त्याला घरीच दवाखाना हवा होता, पण आजारी माणसं आईच्या दिवाणखान्यातून जायला नको होती. म्हणून पश्चिमेला दोन मजली, विटांची लांब पाख, तिला स्वतःचं दार, स्वतःचं काळ्या पाटीच्या दगडाचं छप्पर. रस्त्याकडून फक्त दगडाचा मुलामा. मोठ्या घरातून पाखेत जायचं तर दोन पायऱ्या उतरून जावं लागायचं, आणि त्या बोळात एक चमत्कारिक गोष्ट होती. घरातल्या घरात उघडणारी खिडकी. पाख जोडण्याआधी ती भिंत बाहेरची होती ना. खिडकीखाली पावसाचं पाणी ओघळून जावं म्हणून केलेला दगडी उतारसुद्धा तसाच होता. त्यावर आता कुणीतरी तुळशीची कुंडी ठेवली होती.

दार उघडणारे गृहस्थ माधवराव खरे. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, हाताला सिमेंट.

"वॉल्टर नाही आला?"

"मी आलेय. सुमन जाधव."

"जाधव. कुठल्या?"

"कराडच्या."

"आणि इंजिनिअरिंग?"

"सांगलीला. मग मास्टर्स इथे."

"अच्छा." त्या 'अच्छा'मध्ये पुणं होतं. "मी मेटलर्जीचा. या शहराचं पोलाद वीस वर्षं मी तपासलंय. भिंत काय आहे ते मीच सांगतो तुम्हाला, इंजिनिअरबाई."

"आधी मला बघू द्या, मग सांगा," मी म्हटलं. मला गोड बोलता येत नाही. तेव्हा तर अजिबातच येत नव्हतं.

खऱ्यांचा कारखाना बंद होऊन दुसरं वर्ष चालू होतं. ते कुणी मला सांगितलं नाही, घरात शिरल्यावर दिसलं. प्रत्येक बिजागरीला तेल, प्रत्येक नळाला नवा वॉशर, पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली. माणूस एका जागी बसत नव्हता. मी टॉर्च मारून भिंत बघायची, तर मागे हे थापी घेऊन उभे. त्यांची पंधरा वर्षांची मुलगी अनघा जिन्यावर बसून अभ्यास करत होती. ती वर न बघताच म्हणाली, "बाबा, जस्ट लीव्ह हर अलोन." ते दोन मिनिटं गेले आणि दुसऱ्या दाराने परत आले.

त्यांच्या पत्नी नलिनीताई लहान मुलांच्या डॉक्टर. लग्नानंतर इथे येऊन घर आणि मूल सांभाळण्यात बरीच वर्षं गेली, मग परत परीक्षा, परत हॉस्पिटलच्या ड्यूट्या, आणि आता कुठे स्वतःचा दवाखाना काढायची वेळ आली होती. पाखेतला दवाखाना जणू त्यांच्यासाठीच थांबला होता. खोल्या रंगवून झाल्या होत्या, एका भिंतीवर हत्ती काढला होता. आणि परवानगी द्यायला आलेल्या शहराच्या इन्स्पेक्टरने पाखेच्या टोकाची भिंत बाहेरून बघितली. ती पोट काढून पुढे आली होती. दारावरून पायऱ्यापायऱ्यांची भेग वर चढली होती. त्याने नोटीस चिकटवली: पाखेचा वापर बंद, आणि उन्हाळा संपेपर्यंत एकतर इंजिनिअरचं प्रमाणपत्र नाहीतर पाडकाम.

"जॉर्जियात एका क्लिनिकमध्ये जागा आहे माझ्यासाठी," नलिनीताई मला म्हणाल्या. "सप्टेंबरपर्यंत कळवायचंय. पाख गेली तर घर विकून तिकडे जायचं. अनघाची शेवटची दोन वर्षं आहेत शाळेची. आणि हा… हा तिकडे काय करेल? इथे निदान घर तरी आहे हाताशी."

मी निघताना वॉल्टरचा अंदाज डोक्यात घेऊन निघाले होते. पिट्सबर्गखाली जुन्या कोळशाच्या खाणी आहेत. कुठेकुठे वरची जमीन खचते आणि घर तिच्यामागे जातं. पाखेखालची जमीन खचत असेल तर माझ्या हातात काही उरत नव्हतं. पाडा म्हणूनच लिहावं लागलं असतं. हे ठरवायचा आमच्याकडे एक अगदी साधा मार्ग होता. भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवायची, दोन्ही टोकं पक्की. भिंत हलली की काच तडकते. काच मोडेपर्यंत थांबायचं, आणि मोडली तर ती कधी मोडली, कुठल्या ऋतूत, थंडीत की उन्हात, ते बघायचं. जोडीला जमिनीच्या पातळीची मापं.

हिवाळ्याच्या शेवटी मी पट्ट्या लावल्या. आणि मग थांबणं सुरू झालं.

थांबणं मला जमत नव्हतं. ऑफिसातून घरी जाताना मी उगाच टेकडीवरून गाडी घ्यायची. काच शाबूत. दोन दिवसांनी परत. काच शाबूत. वॉल्टर म्हणायचा, "काचेला घाई नाही, सुमन. तुलाच आहे." नलिनीताई फोन करायच्या, "काही कळलं?" मी म्हणायची, "काही कळलं नाही हेच चांगलं." पण त्यांच्या आवाजातलं जॉर्जिया मला ऐकू यायचं. आणि खरे तर रोज सकाळी चहाचा कप घेऊन पट्ट्यांपुढे उभे राहायचे. एकदा मी गेले तर त्यांनी पट्ट्या साबणाने धुऊन लखलखीत केल्या होत्या.

"हात लावू नका त्यांना," मी ओरडले.

"घाण झाल्या होत्या."

"होऊ दे ना घाण. तुम्ही कारखान्यात भट्टीच्या थर्मामीटरला हात लावू द्यायचात का कुणाला?"

ते पहिल्यांदा हसले. "मुळीच नाही. हाकलून द्यायचो."

मे महिन्यात एकदम उकाडा आला. इथे वसंत ऋतू असा असतो, काल कोट आणि आज पंखा. तिसऱ्या दिवशी दुपारी खऱ्यांचा फोन. "तुमची काच गेली." आवाजात काही नव्हतं.

मी गेले. टोकाच्या भिंतीवरच्या सगळ्या पट्ट्या तडकल्या होत्या. पातळी मोजली. परत मोजली. जमीन तसूभर हलली नव्हती. पाख खचत नव्हती. ती खाली जातच नव्हती. ती लांब होत होती.

दुपारचं ऊन पश्चिमेच्या विटांवर पडलं होतं. भिंतीला हात लावला तर चटका बसला. तापलेली वीट वाढते, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. पण ही पाख इतकी वर्षं तापत होती. मग आत्ताच का पोट काढायला लागली? वाढायची जागा दुसऱ्या टोकाला असायला हवी होती; ती असती तर हे टोक बाहेर सरलंच नसतं. मी दुसऱ्या टोकाला गेले, त्या बोळात, जिथे पाख मोठ्या घराला भिडते.

जुन्या काळचे चांगले बांधकामवाले नवी भिंत जुन्या भिंतीत गुंतवत नसत. जुनं घर बसून शांत झालेलं असतं. नवं अजून बसायचं असतं, हलायचं असतं. दोघांना बांधून ठेवलं तर दोघंही फुटतात. म्हणून पायापासून छपरापर्यंत मध्ये सरळ फट सोडायची. या घरात अशी फट असणारच होती. मी कोपऱ्यात टॉर्च मारला. फट नव्हती. वरपासून खालपर्यंत सिमेंट होतं, राखाडी, आणि एका छटेचं नव्हतं. एक पट्टा जुना, त्याला लागून थोडा नवा, त्याला लागून आणखी नवा.

"हे कुणी भरलं?" मी विचारलं.

"मीच. का, छान झालंय ना?" खरे उजेडात पुढे आले. दोन वर्षांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं असं म्हणायचा मोह होतो, पण आमची ओळख होऊन काही महिनेच झाले होते. "घर घेतलं तेव्हा इथे बोटभर फट होती हो. आत डांबर लावलेला काथ्या, पार कुजलेला. बाहेरून शिशाचा पत्रा. सगळं काढून फेकलं. पुण्यात आमचे वडील पावसाआधी घरातली एकूणएक चीर बुजवायचे. तशी मी इथे थंडीआधी बुजवतो. दर हिवाळ्यात परत केसभर उघडते, की मी परत भरतो. सळईने ठासून. गेली दोन वर्षं तर वेळच वेळ आहे. सुरीचं पातं जाणार नाही आत."

मी खिशातून पातं काढून लावून पाहिलं. नाही गेलं.

आता वाचकांना कळलं असेल. थंडीत पाख आकसायची, फट केसभर उघडायची, खरे ती भरायचे. उन्हाळ्यात पाख परत वाढायला निघायची, तर तिची जागा गेलेली. मग ती दुसऱ्या टोकाने बाहेर सरायची. पुढच्या हिवाळ्यात परत आकस, परत सिमेंट. माणूस दर वर्षी मायेने पाखेला थोडं थोडं घराबाहेर ढकलत होता.

"पाख वाचेल," मी इतकंच म्हटलं. "खाण वगैरे काही नाही. कारण उद्या सांगते."

नलिनीताईंनी माझा चेहरा वाचला असावा. खरे हार्डवेअरच्या दुकानात गेल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लावलं आणि सरळ विचारलं. मी सरळ सांगितलं.

त्या खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "त्याला नको सांगूस."

"ताई…"

"ऐक. रिपोर्टमध्ये लिही की ऊन, वय, जे काय असेल ते. खोटं नाही ना ते? दुरुस्ती काय ती गवंड्याकडून करून घेऊ, माधव नसताना. सुमन, सत्तर ठिकाणी अर्ज केले त्याने. या भिंतीमुळे तो सकाळी उठतो. दाढी करतो. संध्याकाळी जेवताना सांगतो, आज एवढं झालं. हे एकच काम आहे जे कुणी काढून घेतलं नाही त्याच्याकडून. आणि तू त्याला सांगणार की तेसुद्धा…"

मला त्या दाराच्या म्हातारीची आठवण झाली. पण तिची तुळई निरुपद्रवी होती. "आणि ऑक्टोबरात?" मी विचारलं. "थंडी पडली की फट उघडणार. तेव्हा थापी कोण काढून घेणार त्यांच्या हातातून? तुम्ही?"

त्या उठून ओटा पुसायला लागल्या.

"तुमचे पेशंट त्या भिंतीखालून आत येणार आहेत," मी म्हटलं. "पोरं."

"माहितेय मला," त्या चिडून म्हणाल्या. "मला काय शिकवतेस?"

त्या रात्री मी वाक्यं जुळवत बसले आणि एकही जमलं नाही. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा खरे डायनिंग टेबलाशी पेपरातल्या जाहिरातींवर खुणा करत होते. मी म्हटलं, "खरेसाहेब, एक गणित कराल? पाखेइतकी लांब विटांची भिंत. इथल्या जानेवारीपासून जुलैच्या उन्हापर्यंत. किती वाढेल?"

"हे सांगलीला शिकवत नाहीत का?"

"शिकवतात. माझं उत्तर आलंय. तुमचं जुळतं का बघायचंय."

पेपराच्या कोऱ्या कडेला त्यांनी आकडेमोड केली. विटेचा प्रसरणांक त्यांना तोंडपाठ होता, मला पुस्तकात बघावा लागला होता. पेन्सिल झरझर चालत होती. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी छतावरची प्लास्टरची द्राक्षं बघत राहिले.

"इंचाचा आठवा भाग," ते म्हणाले. "जरा जास्तच. त्यात काय? एवढ्याने काय होतंय, जायला जागा…"

पेन्सिल थांबली. ते उठले आणि बोळाकडे गेले. मी मागे गेले नाही. नलिनीताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता उभ्या राहिलो. अनघा जिना उतरून येत होती, ती अर्ध्यातच थांबली आणि म्हणाली, "व्हॉट हॅपन्ड?"

खरे परत आले तेव्हा चेहरा राखाडी होता. "किती वर्षं भरतोय मी," ते म्हणाले. प्रश्न नव्हता तो. मग माझ्याकडे वळून, "कालच माहीत होतं तुम्हाला."

"हो."

"मग सांगितलं का नाहीत? मला काय झेपणार नव्हतं?" आणि नलिनीताईंकडे बघून, "का हिने सांगितलं नको म्हणून?" नलिनीताईंनी मान खाली घातली, त्यामुळे त्यांना कळलं. ते वर गेले आणि दार लागलेलं ऐकू आलं.

पुढे आठवडाभर फोन नाही. मी केला तर अनघा उचलायची, "बाबा इज बिझी, मावशी." मी ऑफिसात चिडचिड करत होते. गवंडी ठरवला होता, पण मालकाच्या होकाराशिवाय त्याला पाठवता येत नव्हता. वॉल्टरला म्हटलं, "मी गणित नीट केलं आणि माणूस मोडला." तो म्हणाला, "तू भिंतीची इंजिनिअर आहेस." ते सांत्वन होतं की टोमणा ते मला अजून कळलेलं नाही.

शेवटी न राहवून मी गेलेच. बागेच्या फाटकातूनच ठक ठक ऐकू आली. खरे शिडीवर होते. डोक्याला कारखान्याचं हेल्मेट, डोळ्याला गॉगल, हातात छिन्नी. छपराच्या कडेपासून कमरेच्या उंचीपर्यंत फट मोकळी झाली होती. तिच्यातून पलीकडच्या बागेचा हिरवा उजेड दिसत होता. खाली नलिनीताई शिडी धरून, केसांत सिमेंटची धूळ.

"गवंडी मिळतो हो खरेसाहेब," मी खालून म्हटलं.

"तो धक्के देऊन जुना दगड फोडेल." ते वर बघूनच बोलले. "आणि मी ठासलंय ते मलाच माहीत. सळईने ठासलंय. आता काढताना कळतंय किती."

नलिनीताई माझ्याकडे बघून हलकेच म्हणाल्या, "सांगितलंसच शेवटी."

"मी नाही. त्यांनी गणित केलं."

"तेच ते." जरा थांबून, "आत चहा आहे. गरम करून घे. मला शिडी सोडता येत नाही."

फट मोकळी झाल्यावर टोकाची भिंत गवंड्याने थोडी उतरवून परत सरळ रचली. फटीत स्पंजाची दोरी, बाहेरून रबरासारखा मऊ लेप, जो भिंतीबरोबर ताणला जातो आणि दबतो. आतून लाकडाची पट्टी, एकाच बाजूला ठोकलेली, म्हणजे दुसरी बाजू सरकायला मोकळी. मी नव्या काचा लावल्या. जुलै आला. ऑगस्ट आला. भिंतीला हात लावला की चटका बसायचा, आणि काचा शाबूत. मी रोज जायची. न जाता येत नव्हतं. एकदा खरे म्हणाले, "काचेला घाई नाही, तुम्हालाच आहे." वॉल्टरचंच वाक्य, आणि दोघांची फोनपलीकडे कधी भेट झालेली नव्हती. म्हातारे इंजिनिअर सगळीकडे सारखेच असावेत.

ऑगस्ट संपता संपता मी प्रमाणपत्रावर सही केली. लायसन्स मिळाल्यापासून ज्या सहीसाठी जीव तळमळत होता ती हीच. करण्याआधी मी सगळी मापं आणखी एकदा तपासली, ते वॉल्टरने बघितलं आणि तो खिडकीबाहेर बघायला लागला. नलिनीताईंनी जॉर्जियाला 'येत नाही' म्हणून कळवलं. सप्टेंबरात जुन्या डॉक्टरच्या त्या बाजूच्या दारावर पाटी लागली, आणि पहिल्याच आठवड्यात हत्तीच्या खोलीत पोरांचं रडणं सुरू झालं. त्यांतल्या बऱ्याच पोरांचे बाप खऱ्यांसारखेच घरी बसलेले होते.

त्या टेकडीवर तसली वाढवलेली घरं आणखी होती. पुढच्या वर्षांत त्यांतल्या पुष्कळ पाखा पाडल्या गेल्या. मालकांना थांबायला वेळ नव्हता, इंजिनिअरांना काचा लावायला नव्हता. खाण खचली असं लिहिलं की काम संपतं. एखादी तरी विनाकारण गेली असेल. एक नाही, जास्त. मी त्या रस्त्याने अजून जात नाही. आणि त्या जुन्या बांधकामवाल्याचा डांबरी काथ्या आणि शिशाचा पत्रा मला एकदा बघायचा होता. तो कचऱ्यात गेला. एवढी हळहळ मनात आहे.

खऱ्यांना नोकरी मिळाली, पण ती आणखी वर्षभराने, शेजारच्या राज्यातल्या एका छोट्या फाउंड्रीत. सोमवारी जायचे, शुक्रवारी यायचे. त्याआधीच्या ऑक्टोबरात, पहिल्या कडक थंडीच्या सकाळी, ऑफिसात माझा फोन वाजला.

"सुमन," पलीकडून खरे. 'इंजिनिअरबाई' नाही, 'अहो जाहो' नाही. "फट उघडलीय. लाकडी पट्टीमागे स्पष्ट दिसतेय. चांगली नखभर."

"उघडणारच. थंडी पडली."

"माहितेय."

"मग?"

"मग काही नाही." मागे कुठेतरी एक लहान मूल खोकत होतं आणि नलिनीताई त्याला आकडे मोजायला सांगत होत्या. "फोनची वायर ताणून बोळात उभा आहे. सिमेंटची अर्धी पिशवी तळघरात पडलीय. हात नुसते शिवशिवतायत बघ."

"खिशात घाला," मी म्हटलं.

"घातलेत," ते म्हणाले. "एकच. दुसऱ्यात फोन आहे."